ज्याची चूक त्यानं सांगायची

कोपर्ली, ता. नंदुरबार
९ फेब्रुवारी १९४७

चिरंजीव चुनीलाल यास दगूअक्काचे अनेक आशीर्वाद.

सुरतेहून तुझं कार्ड आलं. केळीचं विचारलंस, कापसाचं विचारलंस, म्हशीचंही विचारलंस. म्हैस व्याली, पारडी झाली. ज्याचं विचारायचं त्याचं मात्र नाव नाही. असा कसा रे माझा भाऊ!

तर ऐक. तुझ्या लॉरीनं ज्याची बैलगाडी उडवली तो रायसिंग जिवंत आहे. पाय दोन ठिकाणी मोडला, पण वैशाखात आखाजीच्या सणापर्यंत काठी टेकून चालेल असं डॉक्टर म्हणतात. त्याचा एक बैल गेला. विसरवाडीच्या रस्त्यावरून त्याला लॉरीत घालून तूच नंदुरबारच्या दवाखान्यात आणलंस, हे फौजदारानंही लिहून घेतलंय. तेवढं माणसासारखं केलंस. विम्याचा कागद मागितल्याबरोबर पळालास ते कशासारखं, ते तूच ठरव. नवा कायदा आलाय, विमा काढ, असं तुझे दाजी सांगून थकले. तू आपला, "मन्हा हात साफ शे, माले इमा कसाले?" आता कोर्ट जे ठरवील ते आपल्या घरातूनच जाणार. लॉरी विकायला काढली आहे. रागावू नकोस, रागवायचा हक्क पळणाऱ्याला नसतो.

घरात पाहुणे आहेत, म्हणून पत्राला उशीर झाला. पडवीतली तुझी खाट त्यांना दिली आहे.

आपले वकील येऊन गेले. त्यांनी सोपी वाट सांगितली. गाडीवान झोपला होता, बैल रस्त्यात आडवे आले, सगळी चूक त्याची, एवढं म्हणा की सुटलात. आता बाजार करून परतणारा कोणता गाडीवान झोपत नाही? बैलांना घरची वाट पाठ असते. त्या दुपारीही ते आपल्या नेहमीच्या वळणावरच वळले.

तुझे दाजी माझ्याकडे बघत राहिले. मी चहाच्या निमित्तानं उठून आत गेले. जाण्याआधी चुलीपाशी येऊन तू मला जे सांगितलंस ते त्यांना ठाऊक नाही. बैल वळताना तुला लांबूनच दिसले होते, आणि ब्रेक दाबायचा सोडून तू नुसता भोंगा वाजवत राहिलास. चुनी, ते ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही.

आता सांगूनच टाकते. पाहुणे म्हणजे रायसिंग आणि त्याची बायको रूपीबाई. पट्टी बदलायला डोंगरातल्या पाड्यावरून तो दवाखान्यात कसा येणार? म्हणून तुझे दाजीच गाडी जुंपून गेले आणि दोघांना घेऊन आले. रूपीबाई आधी माझ्याशी बोलेना. मग एके सकाळी आपणहून चूल सारवायला बसली. परवा भाकरी थापता थापता म्हणाली, "तुन्हा भाऊ तठे सुरतमा जेवस का नई?" मला रडूच आलं.

वकिलाचं बोलणं रायसिंगनं खाटेवरून ऐकलं होतं. मला वाटलं, आता शिव्या घालील. वकील गेल्यावर त्यानं मला हाक मारली आणि झोप लागल्याचं आपणहून कबूल केलं. "अक्का, चुनीभाऊले लिखी दे. मी जपेल व्हतू, ते खरं शे. मन्ही चूक मी सांगसू, तुन्ही तू सांग."

त्यांच्या पाड्यावर पंचांपुढे दुसऱ्याची चूक काढत नाहीत. ज्यानं त्यानं आपली सांगायची, मग दोघांनी एका ताटात जेवायचं. कोर्टातही तो तसंच करणार आहे. मी समजावलं, अरे बाबा, तिथे तुझ्याच अंगावर येईल. तो नुसता हसला.

तारीख चोवीसची आहे. तू आला नाहीस, तर तिथे एकट्याचीच चूक सांगितली जाईल, ती रायसिंगची. तू आलास तर शिक्षा होईल, कदाचित परवानाही जाईल. मी तुला खोटी आशा लावत नाही. पण त्यानंतर या गावात मान वर करून हिंडशील, दाजींबरोबर शेत करशील, आणि मला तुझ्यासाठी स्थळ बघायला तोंड राहील.

मला कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण न विचारता तुझ्याऐवजी खरंही सांगणार नाही. ते तुझं आहे. तू येऊन सांग.

तू येशील असं रूपीबाईला सांगून बसलेली,
तुझी दगूअक्का