ओ लाममधलं लाकूड

लुआंग प्राबांग,
नाम खान नदीकाठी

ती. बुआलायताईस, धाकट्या थोंगसायचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर त्यांना सांग, सिगारेट सोडल्याचं नुसतं जाहीर केल्याने खोकला जात नसतो.) इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. हे मी रीत म्हणून लिहीत नाही. गेल्या आठवड्यात भर दुपारी, आपल्याच खानावळीत, एक माणूस त्यातून वजा होत होतं.

झालं असं की काही दिवसांपासून एक डेन्मार्कची बाई आपल्याकडे जेवायला येत होती. इंगेर तिचं नाव. सत्तरी ओलांडलेली, एकटीच फिरणारी, उंची आपल्या दारापेक्षा चार बोटं जास्त. (पहिल्या दिवशी चौकटीवर आपटून कपाळाला टेंगूळ आलं. दुसऱ्या दिवसापासून ती विहारात शिरावं तशी वाकून यायला लागली, तर सासूबाई म्हणतात, "बघा, वळण म्हणतात ते हे!") बाकीचे प्रवासी तळलेला भात मागतात, नदीचा फोटो काढतात आणि जातात. ही मात्र आमच्या ताटांकडे बोट दाखवायची. आपल्या भाषेतलं तिला एकच वाक्य पक्कं येत होतं, "तुम्ही खाता ते द्या." आंबवलेल्या माशाचं पादेक घातलेली पपईची कोशिंबीर तिने नाकाडोळ्यांतून पाणी गळत असताना संपवली. चिकट भाताला काटा लावला तेव्हा सासूबाईंनी तिच्या हातावर चापट मारली आणि बोटांनी गोळा करायला शिकवलं. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नाही, तरी दिवसभर बोलत बसायच्या. मालिवान म्हणाली, "आईला इतकं गप्पिष्ट मी जन्मात पाहिलं नाही." मी सुरी चालवत राहिलो. मला पाहायला मिळालंय.

त्या दिवशी मी ओ लामचं कालवण केलं होतं, म्हशीचं सुकं मांस, कोवळी वांगी आणि भरपूर साखान घालून. तू दक्षिणेत नांदायला गेलीस त्याला जमाना झाला, तुला साखान आठवतही नसेल. वेलीचं लाकूड ते. चघळायचं, जीभ बधिर झाली की चोथा थुंकायचा. मी इंगेरला दोनदा करून दाखवलं. तिने मान डोलावली. (तिने नंतर इंग्रजीत सांगितलं, तिच्याकडे दुसऱ्याच्या घरी जेवताना थुंकणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकण्यासारखं. म्हणून तिने शिष्टाचार पाळला आणि लाकूड गिळलं.)

मी समोरच होतो ताई, आणि मला कळलं नाही! तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, साखान चढलं, नवख्याला चढतंच. तिने टेबलाची कड धरली. मला वाटलं, वा, आवडलेलं दिसतंय. ती खोकत नव्हती, ओरडत नव्हती, फक्त माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होती, आणि ते हसू हळूहळू वांग्याच्या रंगाचं होत गेलं.

"अहो, तिचे ओठ बघा!" मालिवान चुलीजवळून किंचाळली.

मी तिच्या पाठीत गुद्दे घातले. काही नाही. सासूबाई भाताचा गोळा घेऊन धावल्या, "हा गिळायला लाव, काटा खाली जातो!" मी म्हटलं, "आई, काटा नाही, ओंडका आहे!" त्या म्हणाल्या, "मग मोठा गोळा करते." ताई, एक बाई आमच्यामध्ये गुदमरतेय आणि आम्ही जावई-सासू गोळ्याच्या आकारावरून भांडतोय. शेजारच्या टेबलावरचे दोघे उभे राहिले होते. कोणीतरी देवाचं नाव घेतलं. इंगेरने हात लांब करून सासूबाईंचं मनगट पकडलं आणि तिचे गुडघे वाकायला लागले. सासूबाईंच्या हातातला गोळा खाली पडला.

"मागून कवळा!" मालिवान ओरडली. "बेंबीच्या वर मूठ धरा आणि शर्यतीत वल्हं ओढायचात तसं ओढा! आत आणि वर!"

मी स्टुलावर चढलो, कवळलं, ओढलं. काही नाही. परत ओढलं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर सैल पडलं आणि मला वाटलं, संपलं. मग जीव खाऊन ओढलं, स्टूल निसटलं, आम्ही दोघे जमिनीवर, आणि ते लाकूड उडून थेट सासूबाईंच्या पायांवर.

इंगेरने श्वास घेतला. इतका भसाडा, इतका सुंदर आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

सासूबाईंनी तुकडा उचलला, उजेडात धरला आणि विचारलं, "एवढा मोठा कुणी चिरला?"

(उत्तर तुला माहीतच आहे. स्वयंपाकघरात सुरी माझ्याकडे असते.)

माझी भीती मात्र उतरली नाही. बाई खुर्चीत बसली तरी टेबलाची कड सोडायला तयार नव्हती. आता ही पोलिसांत जाणार, खानावळ बंद होणार, हेच माझ्या डोक्यात. सासूबाईंना वेगळीच काळजी. "हिचा जीव घाबरून अंगातून बाहेर पडलाय, हाका मारून बोलवायला हवा." संध्याकाळी गल्ली जमली, पांढरे धागे आले, अंडी, केळी, तांदळाची दारू आली. सगळ्यांनी तिच्या मनगटांवर धागे बांधत तिच्या जीवाला परत बोलावलं. सासूबाई तर ओरडून बोलवत होत्या, कारण त्यांच्या मते परदेशी जीवाला हळू आवाज कळत नाही. तेव्हा कुठे इंगेर रडली, खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही खाता ते द्या."

ओ लामच दिलं. बारीक चिरून.

तुझा,
थोंगसाय

ता. क. इंगेर आता तुमच्या पाक्सेला येते आहे. तुझ्याकडे जेवेल. काटे असलेला मासा देऊ नकोस.

ता. ता. क. सासूबाईही तिच्याबरोबर निघाल्यात. कालच्या गाडीने. व्हिएन्तियानला थोडं थांबून पोचतील. तुमच्याकडची हवा त्यांना मानवेल असं मला मनापासून वाटतं. परत पाठवायची मुळीच घाई करू नकोस. खरं म्हणजे एवढंच लिहायचं होतं.

वन्सं, नमस्कार. पाकीट मी बंद करते आहे म्हणून दोन ओळी. आईला आठ दिवसांत परत पाठवा. काल स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आम्हा दोघांत ढसाढसा रडणारी मी नव्हते. — मालिवान