कानाशी वाजलेला फोन

अगं, ऐकतेस ना,

हे पत्र काही मी टाकणार नाही, म्हणून खरं सांगतो. समुद्राच्या तळाशी पाइप टाकत टाकत आमचा बार्ज आज किनाऱ्याजवळ आला. दीड महिन्यांनी रेंज मिळाली. हातातला जोड पुरा करून सगळे वेल्डर डेकवर धावले. मीही धावलो, कारण तू घर सोडल्याचं इथे कुणालाच ठाऊक नाही. नंबर न लावताच "हो गं, जेवलो" म्हणत होतो, तेवढ्यात फोन कानाशीच खणखणला. शेजारी उभ्या असलेल्या बार्जवरच्या स्वयंपाक्याने हळूच पाठ फिरवली.

ऑफिसचा फोन. पुढच्या कामावर येणार का, विचारत होते. दरवेळी याच प्रश्नाला "हो" म्हणालो, म्हणून तर तू गेलीस.

स्वयंपाकी तिथेच उभा होता. मी म्हणालो, "हो गं, येतो."

अजून तरी तुझाच