चावरं कुत्रं

आप्पा, घरात कुत्रं पाळलंय. दुकानात तुमची गादी होती ना, तक्क्याला टेकून तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलत बसायचात, त्याच जागी ते पोत्यावर झोपतं. आता काय रागवायचं ते रागवा. पायरीला कुत्र्याचा पाय लागला तरी तुम्ही हाताला येईल ते फेकून मारायचात आणि पायरी मला धुवायला लावायचात. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. दुकान कधीच बंद पडलं. पायरी मी अजून धुते, सवयच लागली मेली.

कुत्रं माझं नाही. तुमच्या लाडक्या लेकाची पोरगी पुण्याला नोकरी करते, तिचं आहे. घरमालकानं कुरकूर केली म्हणून तिनं ते दोन महिन्यांसाठी उमापूरला आणून सोडलं, त्या दोन महिन्यांचे नऊ झाले. अर्धं पामेरियन, अर्धं गावठी. पाय आखूड, एक कान उभा आणि एक पडका. पहिल्याच दिवशी ते ओट्यापाशी आलं तशी मी जोरात 'हाड' म्हटलं. आपल्याकडचं कुठलंही कुत्रं हाड ऐकलं की आधी पळतं आणि मग मागं वळून बघतं. हे शेपटी हलवत आणखी जवळ आलं. त्याला हाड म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं हो. जन्मात कुणी म्हटलंच नव्हतं त्याला! मी तीनदा म्हटलं, ते तीनदा जवळ आलं आणि शेवटी माझ्या पायावर हनुवटी टेकून बसलं. मला हसू आलं आणि लई रागही आला. इतकं लाडाचं कुणी असू नये असं वाटलं.

आई अजून आहे, आप्पा. बाजेवर असते. मला ती ओळखत नाही, 'बाई, तुमी कुणाच्या?' म्हणून विचारते आणि मी रोज सांगते. दूध उतू जायला लागतो तेवढा वेळसुद्धा तिला एकटं सोडता येत नाही, त्यामुळे गेवराईच्या बाजाराचं तोंड बघून मला दीड वर्ष झालं. आधी मी, आई आणि भिंती एवढंच होतं. आता सकाळी मी अंगण झाडते तेव्हा हे मागं मागं फिरतं. फरशीवर वाढलेलं, मातीत चालायची सवय नाही, पायात सराटा घुसला की तिथंच उभं राहतं आणि तो पाय माझ्यापुढं धरतं. मी पिनेनं काटा काढते. ते बिचारं ओरडत नाही, नुसतं माझ्या तोंडाकडे बघतं. कुकरच्या शिट्टीला भितं. भाकरी दुधात कुस्करून दिली तरच खातं. फाटकाबाहेरची कुत्री गुरगुरली की आत येऊन माझ्या पदराखाली शिरतं. माझ्यामागं असं कुणी कधी लपलं नव्हतं.

परळीचे पाहुणे आले होते तो दिवस तुम्हाला आठवतो का? मला आठवतो. मी पोह्यांच्या बशा घेऊन दाराआड उभी आहे आणि तुम्ही आवाज खाली करून म्हणताय, "पाहुणं, लपवून ठेवत न्हाई. पोरीला फिट येत्यात." मला आयुष्यात कधी फिट आली नव्हती. पाहुण्यांनी चहासुद्धा अर्धा ठेवला. ते गेल्यावर मी विचारलं, "कावून सांगितलं असं?" तुम्ही गल्ल्याकडे बघत म्हणालात, "तुज्या आईचं दुखणं हाय. तू गेलीस तर हितं कोन हाय?" दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी भारीतली साडी घेऊन आलात. पुढं गावात मला नुसती घेरी आली तरी बायका कांदा फोडून नाकाशी धरायच्या. एकदा देवळात पाय मुरगळून पडले तर एकीनं चप्पल हुंगवली. पुन्हा कुणी बघायला आलं नाही. एका वाक्यात तुम्ही माझं सगळं आटपून टाकलंत.

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला की आत्या, नवं घर मिळालं, रविवारी न्यायला येते. चार दिवस मला घास गेला नाही. रविवारी फाटकाशी तिचा आवाज आला आणि ते असं धावलं की पोतं पायात अडकून पडलं, उठलं, पुन्हा धावलं. तिच्या अंगावर उड्या मारत होतं, रडल्यासारखा आवाज काढत होतं. मी तिथंच उभी होते, माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. तेलाच्या डब्याचा पत्रा लागून माझ्या मनगटाला चीर पडली होती. ते मनगट मी पुढं केलं.

"बाय, नगं नेऊ. ते चावाया लागलंय," मी म्हटलं. "आधी म्हातारीला धरलं, परवा मला."

नव्या इमारतीत लहान लेकरं लई आहेत, हे तिनंच फोनवर सांगितलं होतं. ती पायरीवर बसली. कुत्रं तिचे हात चाटत होतं. तिनं त्याच्या तोंडाजवळचा हात हळूच काढून घेतला. मग डोळे पुसत म्हणाली, "राहू दे आत्या तुझ्याकडंच. तुझ्याशिवाय कोण सांभाळणार त्याला?"

ती गेल्यावर मी फाटकाला कडी लावली. ते दिवे लागेपर्यंत फाटक खरवडत होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासाठी अंडं उकडलं. आपल्या घरात अंडं शिजलं, आप्पा. त्यानं खाल्लं, आणि येऊन पायाशी बसलं. दुसरीकडे जाणार कुठं?

हे पत्र टाकायचं कुठं, डाळीच्या डब्यात ठेवून देते. मला वाटलं होतं, तुमच्यासारखंच केल्यावर तरी तुमच्यावरचा राग कमी होईल. न्हाई झाला. काल भाचीचा फोन आला होता. आता जरा निवळलं का म्हणून विचारत होती. मी म्हटलं, न्हाई बाय, अजून चावतंय.