आज्ञा शिरसावंद्य

क्वितो, रविवार

प्रिय मेल्चोर,

रिओबांबाच्या चर्चमधला तो ऑर्गन अजून दुरुस्तच करतोयस, की त्याच्याशीच संसार मांडलायस? बाबांनी आपल्या लग्नाला नाही म्हटल्यावर तू हत्यारांची पेटी उचललीस आणि धड निरोपही न घेता निघून गेलास. त्याचा राग आहेच. पण आज तो बाजूला ठेवते, कारण सांगण्यासारखं फार साठलंय.

बाबा यंदा शहराचे न्यायाधीश झाले. नव्या वर्षाच्या दिवशी नगरसभेने त्यांना निवडलं आणि अधिकाराची काठी हाती दिली. ती आता जेवणाच्या टेबलालाही टेकवलेली असते. खेचरांच्या तांड्याबरोबर हिंडणाऱ्या माणसाचा हा मुलगा लिमाला जाऊन कायदा शिकला, परतताना खेचरावर कपड्यांऐवजी पुस्तकं लादून आला आणि गावातल्या गरिबांची भांडणं जवळजवळ फुकट लढला. मला त्यांचा अभिमान वाटतो, तुला ठाऊक आहे. पण आमच्या घरात राहून बघ. आई आणि आमची स्वयंपाकीण पास्कुआला यांचं मिठावरून वाजलं, तरी हे दोघींच्या जबान्या घेतात. तोवर सूप गार.

आणि असा हा कायदेपंडित माझ्या बाबतीत मात्र एका दमात हुकूम काढून मोकळा झाला. लुक्रेसियाने फुल्हेन्सियोसाहेबांशी लग्न करावं, खाली सही. फुल्हेन्सियोसाहेब म्हणजे ते मेंढ्यांचे मालक. मेंढ्यांशिवाय दुसरा विषय नाही. मी रडले, अबोला धरला, जेवण सोडलं. पास्कुआला चोरून भाजलेली कणसं आणून द्यायची म्हणून निभावलं, नाहीतर उपाशीपोटी हट्ट किती दिवस टिकणार?

मग गेल्या मंगळवारी राजाचं फर्मान आलं. चौकात बायकांनी पाव, फळं, मांस विकायला बसू नये म्हणे. समुद्रापलीकडे राजाच्या कानात कुणी काय भरलं कोण जाणे. विकणाऱ्या साऱ्या बायका नगरसभेच्या दारात जमल्या. आई आणि मीही गर्दीत होतो. एक म्हातारी बाबांना म्हणाली, "साहेब, रोज दुपारी माझ्याकडचं भाजलेलं डुक्कर चापता, ते कुणाच्या हुकमाने?" सगळे हसले, बाबा सोडून. त्यांनी फर्मानाचं चुंबन घेतलं, ते डोक्यावर ठेवलं आणि आपल्याकडची रीतच आहे तसं म्हणाले, "राजाची आज्ञा शिरसावंद्य. अंमल मात्र होणार नाही. महाराजांना चुकीची माहिती मिळालेली दिसते. ती दुरुस्त होईपर्यंत बायकांनी आपापल्या जागी बसावं." त्या दिवशी चौकात कुणालाच काही विकत घ्यावं लागलं नाही, बायका वाटतच सुटल्या होत्या.

दुपारी फुल्हेन्सियोसाहेब आमच्याकडे जेवायला होते. मी वरून माझ्या नावाचा तो हुकूम घेऊन आले, त्याचं चुंबन घेतलं आणि डोक्यावर ठेवला. म्हटलं, "बाबा, तुमची आज्ञा शिरसावंद्य. अंमल मात्र होणार नाही. तुम्हाला मेल्चोरबद्दल चुकीची माहिती मिळाली आहे." आईच्या हातातला चमचा तसाच राहिला. बाबांनी विचारलं, "कुणी दिली?" मी पाहुण्यांकडे बघितलं. तू रविवारभर पत्ते कुटतोस, हे त्यांनीच बाबांना सांगितलं होतं. "तो रविवारी मठातल्या नन्सची हार्प सुरात लावून देतो," मी म्हटलं, "मठाच्या मोठ्या बाईंनाच विचारा." फुल्हेन्सियोसाहेबांना एकदम घरी आजारी मेंढी असल्याचं आठवलं आणि ते उठले.

बाबा आईला म्हणाले, "कार्टी वकील झाली गं." आणि मला, अगदी कचेरीतल्या आवाजात, "हुकूम स्थगित. मुलाला बोलावून घ्या. त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल नाही." त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं, पण काठी मध्ये होती.

तुला साक्षीला बोलावणारं पत्र मी लिहायलाही घेतलं होतं. ते फाडून हे लिहितेय. आज सकाळी प्रार्थनेनंतर पाद्रीबुवांनी, लग्न ठरलं की चर्चमध्ये वाचतात तसं, तुझं आणि माझं नाव मोठ्याने वाचलं. या दोघांच्या लग्नाला कुणाची हरकत असेल तर त्याने पुढे येऊन सांगावं, म्हणाले. मी बाबांकडे पाहिलं, तर ते एकटक समोर बघत बसलेले, जणू दुसऱ्याच कुणाच्या मुलीचं नाव वाचलं जात होतं. सुनावणी नाही, साक्ष नाही, आणि निकाल लागूनही गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचाच हुकूम मोडला, आणि माझ्यासाठी मोडला. मी आज इतकी सुखात आहे की सकाळपासून हसतेच आहे. फक्त या गडबडीत नवऱ्यामुलाला विचारायचं राहिलंच. नावं अजून दोन रविवार वाचली जातील. तेव्हा तुझी काही हरकत असेल, तर स्वतः ये आणि सगळ्यांसमोर सांग.

आता जाहीरपणे तुझीच,
लुक्रेसिया