शिरवळहून आलेला आवाज

आई, तू भरलेली कॉइल मी उद्या उलगडायला घेणार आहे. कुणाला तरी विचारायला हवं होतं आणि विचारण्यासारखं दुसरं कुणी नाही, म्हणून तुलाच लिहितोय. सध्या मी पलूसला असतो. इथल्या एका बेंजो पार्टीत गिटार वाजवतो. हळद, वरात, गणपती, जत्रा, ज्याची सुपारी येईल ते. टेम्पोवर भोंग्यांच्या भिंतीपुढं उभं राहायचं आणि खालची पोरं नाचून घामाघूम होईपर्यंत थांबायचं नाही. मालक वयानं बाबांएवढे आहेत, स्वतः बेंजो वाजवतात, आणि माझ्या गिटारचा मानेकडचा पिकअप, म्हणजे तारांखालची आवाज पकडणारी ती कॉइल, बंद आहे हे त्यांना बघवत नाही. "गड्या, वाद्याला तोंडं दोन आन बोलतंय एकच, ह्ये कसलं रं? भरून तरी घे, न्हाईतर उपटून टाक," असं ते दर सुपारीला ऐकवतात. मी हसून सोडून देतो. मीटर लावला की तार तुटलीय एवढंच कळतं, कुठं तुटलीय ते कळत नाही. त्यासाठी वरून एकेक वेढा सोडवत आत जावं लागतं. वरच तुटली असेल तर जोड देता येतो. पार आत तुटली असेल तर सगळी तार कापून नवी भरायची, म्हणजे तुझ्या हातचं त्यात काहीच उरायचं नाही. इतकी वर्षं मी त्याला हात लावला नाही तो याच भीतीनं. उद्या लावणार आहे, कारण परवाच्या सुपारीत दुसराही पिकअप खरखरायला लागला.

आपल्या स्वयंपाकघरातली ती भिंत तुला आठवत असेल. घरात तेवढीच एक भिंत ओल न धरणारी, म्हणून गिटार वाजवणाऱ्यांची माझी सगळी चित्रं मी तिथं चिकटवली होती, तुझ्या डब्यांच्या फळीखाली. तू कंपनीच्या गाडीतून उतरून यायचीस, हातपाय धुवायचीस आणि सरळ पिठात हात घालायचीस. मी ओट्याला टेकून तुला त्या गिटारींची माहिती द्यायचो. तू मागितलेली नसायची. इंग्रजी नावं तुझ्या तोंडात बसायची नाहीत, मग तू प्रत्येकाला आपलं नाव ठेवलंस. पांढरी गिटार उलटी धरून वाजवणारा तो डावखुरा. शिंगांची गिटार घेऊन शाळेच्या गणवेशात उड्या मारणारा तो हाफचड्डीवाला. "ह्यो अजून पास न्हाई झाला व्हय?" असं तू त्याच्याबद्दल विचारलं होतंस, आणि मी चिडलो होतो, कारण त्या माणसाची चेष्टा मला सहन होत नव्हती. एकानं आपल्या वडलांबरोबर बसून, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून लाल गिटार केली आणि पुढं जगभर तीच वाजवली, हे सांगितलं तेव्हा मात्र तू लाटणं थांबवलंस. "म्हंजी घरात झालेली. आन आई काय करत हुती तवा?" मला काय माहीत, मी म्हणालो. "मग अर्धीच माहिती हाय की तुला."

आगीचं बोलणंही तिथंच झालं. चित्रातला एक म्हातारा वादक तरुणपणी पेटलेल्या हॉलमध्ये परत शिरला, का, तर गिटार आत राहिली होती. आणि डावखुऱ्यानं भर कार्यक्रमात आपल्या गिटारला स्वतःच्या हातानं काडी लावली. दोन्ही गोष्टी मी एका दमात सांगितल्या, डोळे मोठे करून. तू भाकरी उलटत म्हणालीस, "एक आगीतनं वाद्य भाईर काढतो, दुसरा चांगलं वाजतंय ते जाळतो. तू ह्यातला कुठला रं?" मी छाती काढून म्हणालो, दुसरा. "मग काडीपेटी वरच्या फळीवर ठिवते," तू म्हणालीस, आणि खरंच उचलून ठेवलीस. खंडेनवमीला तू माझी गिटार विळ्याशेजारी आणि तुझ्या तार कापायच्या कात्रीशेजारी पाटावर मांडायचीस, हळदकुंकू लावायचीस. मी तू वळायच्या आत ते पुसायचो. साताऱ्यात कुणी बघितलं तर काय म्हणेल, असं मला वाटायचं.

साताऱ्यात म्हणजे कॉलेजात. तिथं एक मुलगी होती. मी सांगितलं नव्हतं तरी तुला ते ठाऊक होतं. मी तिच्यासाठी गॅदरिंगमध्ये वाजवणार होतो. मित्राच्या भावाची जुनी गिटार मिळाली होती, पण तिचा एक पिकअप जळालेला. लोणंदला पंपाच्या मोटारी भरणाऱ्याकडं नेला तर तो हातात उलटासुलटा करून म्हणाला, "ह्ये किती एच्पीचं?" मी त्याच्यावरही ओरडून आलो. घरी येऊन तो पिकअप ओट्यावर आपटला तेव्हा तू तो उचललास, पदरानं पुसलास आणि म्हणालीस, "ही तर कॉइलच हाय. आमी दिसभर दुसरं काय करतो?" तू शिरवळला कॉइल भरायच्या खात्यात होतीस, एवढंच मला माहीत होतं. पुढं काय होतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या भिंतीवरच्या सगळ्या गिटारींच्या पोटात तीच वस्तू आहे, चुंबकाभोवती गुंडाळलेली केसाहून बारीक तांब्याची तार, आणि ती गुंडाळणारं माणूस आपल्याच घरात भाकऱ्या थापतंय, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

रविवारी दुपारी तू शिलाई मशिनच्या बॉबिन भरायच्या चाकावर तो पिकअप चिकटपट्टीनं बसवलास. संपत आलेल्या रिळाची तार साहेबांना दाखवून, विचारून आणली होतीस, ते मला दोनदा सांगितलंस. पाय मशिनवर, तार दोन बोटांत. "वढायची न्हाई. तिला जायाचं तिकडं जाऊ द्यायची, आपून फकस्त संगं ऱ्हायाचं." मी वेढे मोजायला बसलो होतो, कारण किती हवेत ते मी मोबाइलवर वाचलं होतं. मधेच त्या मुलीचा फोन आला. मी बोलता बोलता भांडायला लागलो, नेहमीसारखा, आणि मोजणी गेली. "आई, तू तरी मोजायचंस." "तू तिकडं केकाटतूयास, मी कशी मोजू? भरल्यागत वाटलं की थांबती." तू थांबलीस. जोडून वाजवलं तर आवाज जाड, जरा नाकातला. मी म्हणालो, सर्दी झाल्यासारखा येतोय. तुझ्या बोटाला तार कापून बारीक रेघ पडली होती. तू ते बोट तोंडात धरलं होतंस.

तो आवाज तिला मात्र आवडला. कॉलेजमागच्या खोलीत आम्ही सराव करायचो. तिथं ती म्हणाली, "हा कुठून आणलास? कुणीतरी घशातून गातंय असं वाटतं." मी क्षणभरही न थांबता म्हणालो, परदेशातून मागवला. शिरवळ म्हणायला माझी जीभ वळली नाही. तिचे वडील डॉक्टर, तिच्या घरी पियानो. माझी आई कंपनीत कॉइल भरते हे तिला सांगितलं असतं तर काय झालं असतं? आता वाटतं, काहीही झालं नसतं.

गॅदरिंगला मी तुला बोलावलं नव्हतं. तू आपली आपण आलीस. कामावरून तशीच, एसटीनं, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पिशवीत रिकामा डबा. वाजवून खाली उतरलो तर ती तुझ्याशी बोलत उभी. तू माझी आई आहेस हे तूच सांगितलं असणार. ती म्हणाली, "काकू, ऐकलात ना आवाज? परदेशी आहे तो." मी तुझ्याकडं बघितलं, आई, आणि तू माझ्याकडं. फार वेळ नाही. मग तू तिला म्हणालीस, "व्हय का? मग लय लांबनं आलाय म्हणायचा." आणि पदर सारखा करून, शेवटची गाडी चुकंल म्हणून निघालीस. मी तुला स्टँडपर्यंत सोडायलाही आलो नाही.

त्याच संध्याकाळी ती दुसऱ्या एकाच्या गाडीवर बसून गेली. मी त्याला गेटबाहेर गाठून मारलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजनं सांगितलं, पालकांना घेऊन ये. मी परत गेलोच नाही. घरी तू त्या परदेशी आवाजाचा विषय काढला नाहीस. चहा दिलास, फाटलेला शर्ट शिवून ठेवलास. मला ते सोसेना. "बोल की काय बोलायचं ते," मी ओरडलो. तू म्हणालीस, "काय बोलू? लांबनंच आलाय की. शिरवळला जाऊन बघ एकदा." आणि हसलीस. त्यात टोमणा नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा मी स्क्रूड्रायव्हर घेतला, तो पिकअप गिटारीतून उपसला, हे घे तुझं, असं काहीतरी म्हणालो, आणि उपसताना टोक घसरून कॉइलवर गेलं. टिक करून झालेला तो आवाज इतका बारीक होता. तू हात पुढं केलास. "आण हिकडं. वरवरच तुटली असंल, आत्ता जोडती." मी म्हणालो, हात लावू नकोस. तसाच मेलेला पिकअप परत बसवला आणि बाहेर निघून गेलो.

त्यानंतरही मी रोज सकाळी दप्तर घेऊन निघायचो. तू डबा द्यायचीस, मी लोणंदच्या स्टेशनवर बसून तो खायचो. मग तुझं दुखणं निघालं. बाबा फौजेतून रजा काढून आले आणि आपण तुला मिरजेला घेऊन गेलो. तिथल्या वॉर्डात तू नर्सला सांगत होतीस, "माजा पोरगा शेवटच्या वरसाला हाय. गिटार लय चांगली वाजिवतो." मी पायथ्याशी उभा होतो. तू जायच्या आधी खरं सांगायला मला पूर्ण एक दुपार मिळाली होती. बाबा औषधं आणायला गेले होते, तू जागी होतीस, खोलीत पंख्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. मी तुला संत्रं सोलून दिलं.

हे पत्र मी इथंच सोडलं होतं. आता दोन दिवसांनी परत बसलोय. कॉइल उलगडली. मालकांच्या शेडमध्ये सकाळी, उजेडात, टेबलावर पांढरा कागद पसरून. तार सोडताना तुझं वाक्य आपोआप तोंडात आलं आणि मी ओढलं नाही. फार आत जावंच लागलं नाही, आई. स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा वरच्या थरांतच होता. तेवढे वेढे काढले, चांगलं टोक सापडलं, जोड देऊन कथलाचा डाग मारला. सगळं मिळून एका चहाचं काम. आतली सगळी तार जशीच्या तशी, तुझ्या हातची, कुठं दाट, कुठं विरळ, जिथं मी फोनवर भांडत होतो तिथं बहुतेक थोडी तिरकी.  तू हात पुढं केला होतास. तेव्हा दिली असती तर चहा निवायच्या आत झालं असतं.

काल हळदीची सुपारी होती, पलूसजवळच्या एका वस्तीवर. मी अजून प्रत्येक हळदीत वरच्या गच्चीकडं बघतो, ती साताऱ्याची मुलगी कुठं दिसते का म्हणून. ते एक माझ्यातनं गेलेलं नाही. काल बघायचं विसरलो. मानेकडचा पिकअप लावला, एक सूर धरला आणि तो जाड, नाकातला आवाज भोंग्यांतून बाहेर पडला. नाचणारी दोन पोरं थांबून वर बघायला लागली. मालकांनी बेंजोवरचा हात उचलला आणि कानाशी तोंड आणून ओरडून विचारलं, "आयला, ह्ये तर माणूस गातंय रं. कुणी भरलं?"

मी म्हणालो, "मीच."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. हे पत्र टाकायला पेटी नाही, त्यामुळं इथं तरी खरं लिहितो. गर्दी होती, वेळ नव्हता, सांगायला लागलो असतो तर रडू आलं असतं, असं लिहिण्याचं मी मघापासून ठरवत होतो. तसं नव्हतं, आई. ती थाप मला एकट्यालाच हवी होती.