पाचवी गाडी

३ जानेवारी १९६५, दारव्हा

जिनिंगच्या अंगणात मीटिंग. मालक अण्णासाहेब खुर्चीत, आम्ही बाकीचे सरकीच्या पोत्यांवर. यंदा बैलांचा शंकरपट झाला का त्याच वावरात मोटारसायकलींचा पट घ्यायचा ठरलं. रस्त्यावर नाही, मातीतून. ढेकळं, धुरे, मधात नाला. दहा फेऱ्या.

अ.सा. मले म्हणे, "फिटर, बैलाचे गट दातावरून पडतात. अदत, दोनदाती, चौसा. गाडीले दात नाहीत. तिचे गट तुम्ही पाडा."

मी सांगतलं, सी.सी.वरून पाडू. पिस्टन खाली गेला का सिलिंडरात जेवढी जागा होते, ती सी.सी.

"म्हणजे पोटात किती मावते ते."

"हो, साहेब."

"मंग आपले हेडक्लार्क पयले यायले पायजे," मागून कोणी तरी बोललं. हेडक्लार्कसुद्धा हासले.

दोन गट पाडले. दोनशेपर्यंत लहान, दोनशेच्या वर मोठा. अठरा वर्षं झाली या जिनिंगच्या इंजिनाले तेल घालून राह्यलो, पण मले कोणी मत विचारलं नव्हतं. छाती फुगली, खोटं कायले बोलू. घरी सांगतलं तर शांता म्हणे, "पंच झाले ना? मंग उद्यापासून बाजारही तुम्हीच करा, तोलून-मापून."

१० जानेवारी

नेम लिहून काढले. गटात गाड्या कमी पडल्या तर काय, यावर अडलं. अ.सा. म्हणे पटाचा रिवाज आहे तोच लावा, पाच जोड्या भरल्या नाही का वरच्या गटात पळवायच्या. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. कलम चौथं. कलम पाचवं, पंचानं स्वतः उतरायचं नाही. सगळं माझ्या अक्षरात. सही झाली, छापायले गेलं.

१९ जानेवारी

हरसिंग आला. तांड्यावरचा. गावोगावच्या कापसाचे नमुने थैलीत घालून जिनिंगात आणते. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ वाहे, हा पावणेदोनशेच्या गाडीवर कापूस वाहते. शांताले बहीण मानते, भाऊबीज चुकवत नाही, म्हणून मी भाऊजी. गाडी घेतली तेव्हा इंजिन उघडून पाह्यल्याशिवाय मले चैन पडलं नाही, अन् तो बाजूले उभा राहून 'भाऊजी, मरन ते, मरन ते' करत होता.

आज म्हणे, "लहान गटात मीच पयला येतो का नाही, पाहाच."

"गटात पाच गाड्या तर येऊ दे."

"येतीन ना. काहून नाही येणार?"

शांतानं मुद्दाम तिळाचे लाडू काढले. मले मागितल्यावर एकच.

४ फेब्रुवारी

राजूरच्या खाणीवरचा ठेकेदार ट्रकात घालून पाचशेची गाडी घेऊन आला. मिलिटरीच्या लिलावातली. उतरवायले चार माणसं लागली. दोन फेऱ्या मारून पाह्यल्या, तर यवतमाळच्या एकाची अडीचशे तिले मागं टाकून गेली. ठेकेदार भडकला. "आधे इंजिन की गाड़ी आगे कैसे?"

त्याले समजावलं. अडीचशे टू-स्ट्रोक, इंजिनाच्या हर फेरीले पेट्रोलचा भडका. तुमच्या गाडीत दोन फेऱ्यांत एक. वरून वजन दुप्पट. त्याले पटलं नाही, पण मलेच पटलं का आपण अर्धाच हिशेब केला. नुसत्या सी.सी.नं भागत नाही. टू-स्ट्रोकले वेगळं धरा लागते, अन् वजनाचाही गट पाडा लागते. जड गाडी चढावर रडते, पण उताराले तिले कोण थांबवणार?

घरी येऊन वहीत रकाने पाडले. सी.सी., स्ट्रोक, वजन. तीन गट केले का जुळते.

५ फेब्रुवारी

अ.सा.ले वही दाखवली. "फिटर, बैल कोणी तोलला होता का कधी? दोनच गट ठेवा. लोकायले समजलं पायजे." वही परत दिली. पान उघडलंही नसंन नीट.

२८ फेब्रुवारी

आज नावं घेणं बंद झालं. मोठ्या गटात आठ. लहान गटात चार.

चार!

सकाळी तीनदा मोजले. जसे काही मोजल्यानं वाढणार होते.

१ मार्च

रात्रभर कलम चौथं डोळ्यांपुढं. सकाळी उठल्या उठल्या डोक्यात उजेड पडला. शंकरपटात हर जोडी आपापल्या पट्टीत धावते. अदत गोऱ्हा चौशासंगं पळवला तर हारते, बस्स. पण इथं पट्ट्या कुठं आहेत? बाराच्या बारा गाड्या एका झेंडीवर सुटणार अन् एकाच नाल्यात उतरणार. बैलाचा नेम उचलून जसाच्या तसा गाडीले लावला. अन् लावणारा कोण, तर मी. ज्याले इंजिन समजते असं सगळं गाव म्हणते.

अ.सा.कडे गेलतो. म्हटलं, चौघांची वेगळी शर्यत घ्या.

"चौघांत शर्यत म्हणजे घरातलं लगन. कागद वाटून झाले, फिटर."

"साहेब, जीवाचा प्रश्न आहे."

"नेम कोणाच्या अक्षरात आहे?"

आपलेच दात अन् आपलेच ओठ. उठून आलो.

३ मार्च

पाचवी गाडी शोधून राह्यलो. नावं बंद झाली, पण गाडी भेटली तर पंच म्हणून एक नाव मी घुसवीन. ढोराच्या डॉक्टरकडे पावणेदोनशे आहे. हातापाया पडलो. तो तयार झाला होता, तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, "पटात जायचं असंन तर मले पयले माहेरी सोडून द्या." झालं. दिग्रसले एका मास्तरची सव्वाशे आहे म्हणून कळलं, सायकलीनं गेलो. गाडीच्या टाकीत कोंबडी बसली होती! टाकी कापून खुराडं केलं. हासू का रडू.

मी स्वतः कोणाची गाडी मागून उतरलो असतो. पण कलम पाचवं.

५ मार्च

हरसिंगले म्हटलं, तू नाव मागं घे. पाचशेवाल्याच्या पुढं मातीत जाऊ नको.

"भाऊजी, तांडा सगळा येऊन राह्यला. याडी येऊन राह्यली. तिनं मले कधी पळताना पाह्यलं नाही." याडी म्हणजे त्याची माय. "अन् हलकी गाडी मातीत पुढंच राहते. तुम्हीच सांगतलं होतं ना?"

सांगतलं होतं. खरंही आहे. तेच वाईट.

शांता म्हणे, "तुम्ही लिहिलं, तुम्हीच खोडा."

"छापलं ते."

"मंग काय, देवानं छापलं का?"

दगडाखाली हात सापडला. ओढता येत नाही अन् ठेवताही येत नाही.

७ मार्च, रविवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

पहिल्या पाच फेऱ्या हरसिंग सगळ्यात पुढं. पऱ्हाटीच्या वावरातून अशी काही गाडी काढली का अण्णासाहेब खुर्चीवरून उठले. तांड्यातल्या बाया वरडून राह्यल्या होत्या. मीही वरडलो. दोन मिनिटं सगळं विसरलो होतो.

सहाव्या फेरीले नाल्याच्या काठावर धुळीचा लोट. ह. उतरून खाली वळत होता. त्याच्या मागून पाचशे आली. वजन घेऊन आली. ब्रेक दाबला असंन त्यानं, पण भुसभुशीत मातीत तेवढी गाडी थांबते कुठं.

आवाज आला. मी नाल्याकडं पळालो.

जीपमध्ये घालून यवतमाळले नेलं. त्याचा मोडलेला उजवा पाय माझ्या मांडीवर होता. बुटासकट. सारी वाट 'भाऊजी, गाडी कोणाजवळ ठेवली?' एवढंच विचारत होता.

९ मार्च

दवाखान्यात ठेकेदार आलता. मोसंबी घेऊन. दारातच उभा. "धूल में दिखा नहीं भाई, कसम से." अन् ढसाढसा रडला. मले त्याचा राग करायचा होता. जमलं नाही. त्यानं तर नेमानंच गाडी चालवली.

१४ मार्च

डॉक्टर म्हणे पाय वाचला. गुडघा वाकणार नाही.

याडी पलंगाजवळ खाली बसली होती. हातभर बांगड्या, ओढणी तोंडावर. मले म्हणे, "बेटा, लहान्या गाडीले मोठ्या गाडीत कोणं घातलं?"

"मी," असं म्हणायले पायजे होतं. मी म्हटलं, "नेमच तसा होता, याडी."

तिनं मान हलवली. नेम म्हटल्यावर काय बोलणार ती. थू माझ्या जिंदगानीवर.

२ एप्रिल

शांता बोलत नाही. जेवायले वाढते, पाणी ठेवते. काल मीठ कमी होतं, मी मागितलं नाही.

१८ एप्रिल

नमुन्याचं काम आता ह.चा धाकटा भाऊ लालू करते. त्याच गाडीवर. हँडल सरळ केलं मी, पुढच्या चाकाचा चिमटा बदलला. पैसे काढाले लागला तर त्याच्यावर खेकसलो. बिचारा घाबरला. मागच्याच सालचं लगन त्याचं, बायको पोटुशी आहे म्हणते.

१६ मे

कमिटी. मी उभा राहून बोललो. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, कलम चौथं काढा. लहान गाडी मोठ्या गटात कधीच घालू नका, चार येवो का दोन येवो. अन् मोठ्या गटातही वजनावरून दोन भाग पाडा. वही पुढं केली.

अ.सा.नं शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही तो. दवाखान्यात दोनदा जाऊन आला, ह.च्या घरी ज्वारी पाठवली. पण म्हणे, "फिटर, आता नेम बदलला तर मागच्या वेळी चुकलं होतं असं होते. मंग त्या पोराच्या पायाचा जाब कोणं द्यायचा? तुम्ही देता?"

"देतो," म्हटलं.

"बसा खाली."

बाजूच्यानं सदरा ओढला अन् मी बसलो. काहून बसलो?

२६ ऑक्टोबर

दिवाळी. वाटलं यंदा ह. येणार नाही. आज भाऊबीजेले बैलाच्या खाचरातून आला. काठी टेकत, पाय सरळचा सरळ, उंबरठा आडवा होऊन ओलांडला. शांतानं ओवाळलं अन् तबक खाली ठेवून जी रडाले लागली. ह. म्हणे, "बाई, मेलो नाही ना मी. लाडू आण."

ती आत गेल्यावर त्यानं मले विचारलं, "भाऊजी, तो नेम तुम्हीच लिहिला होता ना?"

"हो."

"मले तेव्हाच मालूम होतं. तुमचं अक्षर मी वळखतो. पावत्या पाह्यतो ना रोज." अन् लाडू खाल्ला. बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रात्री शांता बोलली. "उद्या दळण टाका," म्हणे. साडेसात महिन्यांत मले इतकं गोड कधी काही लागलं नाही.

२ जानेवारी १९६६

यंदाही पट. नेम तेच. कागदावर फक्त साल बदललं. मी पंचातून नाव काढा म्हटलं तर अ.सा. म्हणे, मंग गाड्या तपासणार कोण, तुमच्याशिवाय कोणाले समजते? खरं आहे. न तपासता सोडल्या तर आणखी कोणी मरन. राह्यलो.

१६ जानेवारी

लहान गटात आतापर्यंत चार नावं. चौथं नाव लालूचं.

त्याले समजावलं. भावासारखाच आहे, हासते नुसता. "दादाची अर्धी शर्यत राह्यली ना भाऊजी. ती पुरी करतो." गाडी कोणाची म्हटलं, तर बायकोच्या भावाची, पावणेदोनशेच. दादा आपली पटाले देत नाही म्हणे.

पुन्हा सायकल काढली. ढोराच्या डॉक्टरची बदली झाली. मास्तरच्या टाकीत आता पिल्लं आहेत.

२३ जानेवारी

आज संध्याकाळी ह. वर्कशॉपात आला. त्याची गाडी खाचरावर घालून. खाली उतरवली अन् म्हणे, हिले किक हातानं मारता येईन असा लांब दांडा बसवून द्या. अन् मागचा ब्रेक पायातून काढून हँडलवर घ्या.

"नमुने आणाले जातो काय आता?"

"नाही. पटाले."

मी पान्हा खाली ठेवला. "डोकं फिरलं का तुझं? नाल्यात पाय टेकायचा आला तर कोणता टेकशीन?"

"डावा." मंग काठीवर दोन्ही हात ठेवून हळू बोलला. "भाऊजी, चार गाड्या आहेत. चारच राह्यल्या तर लालू मोठ्यात जाते. ठेकेदाराचं नाव आलं, मी पाह्यलं. मले पयलं यायचं नाही. झेंडी पडली का दोन हात पुढं घेतो अन् धुऱ्यावर उभी करतो. पण पाचवी गाडी पायजे. नेम आहे ना?"

मी त्याले खाचरात चढवलं, गाडी ठेवून घेतली.

दोन हात पुढं घेईन अन् उभी करीन म्हणते. मी वळखतो त्याले. झेंडी पडल्यावर हा थांबणारा माणूस नाही. अन् दांडा नाही बसवला तर लालू.

दांड्याचं माप घेऊन ठेवलं. अठरा इंची लोखंडी पट्टी लागते. जिनिंगात आहे. शांताले अजून सांगतलं नाही.