मरीयेच्या सिनेमाबद्दल मी जे बोललो ते

लिहून देणार अब्नेर एलियू सोंताय, वय २७, धंदा केस कापण्याचा, राहणार सालकाहा, ग्वाटेमाला. येत्या सोमवारी माझ्या मानेतली गाठ काढणार आहेत, म्हणून हे मृत्युपत्र. डोकं ठिकाणावर आहे, दारूला मी शिवत नाही, आणि कोणाच्या धाकाने लिहीत नाही. शिक्षण सहावीपर्यंत, म्हणून प्रत्येक ओळ पुन्हा तपासली आहे.

कलम १. राहतं घर माझी पत्नी नोहेमी हिला, तिच्यामागे केइलाला. केइला नोहेमीच्या पहिल्या नवऱ्याची मुलगी, आडनावही त्याचंच. पण पहिल्यांदा "पप्पा" म्हणाली ती मला. माझा भाऊ रूबेन विचारेल, "तिथं रक्ताचं कोण आहे?" त्याला हे कलम दाखवावं.

कलम २. दुकानातली खुर्ची, आरसा, कात्र्या व मशीन रूबेनला. मशीनला तेल घालावं. तो घालत नाही.

कलम ३. दुकानातली नटनट्यांची मासिकं जाळावीत. गिऱ्हाइकांसाठी ठेवली होती, पण सर्वांत जास्त मीच वाचली. शुभ शुक्रवारी आमच्या चर्चच्या मंडळीत मुलांना जो सिनेमा दाखवायचा होता, त्यातल्या मरीयेचं, म्हणजे येशूच्या आईचं, काम करणाऱ्या नटीचं दुसरं लग्न झालं आहे, हे मला त्यांतूनच कळलं.

कलम ४. गेल्या रविवारी चर्चमधल्या पालकसभेत मी ते सांगितलं. बेर्ताबाई म्हणाल्या, "अगं बाई! पोरं मरीया बघणार की हिचे नवरे मोजणार?" हिलारियो हसला. "मग दावीद राजाचं काम कोणाला देणार? दुसऱ्याची बायको पळवणारा खुद्द दावीदच नापास व्हायचा!" सगळे हसले, तसा मी चिडलो. उभा राहून म्हणालो, "जिला पहिला नवरा टिकवता आला नाही, तिने प्रभूची आई होऊ नये."

नोहेमी तिसऱ्या बाकावर होती. तिचा पहिला नवरा कामासाठी उत्तरेला, अमेरिकेत गेला आणि त्याने तिकडेच दुसरा संसार मांडला. हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला तर होतंच. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तेव्हा ती नटीच होती.

तिने केइलाचा हात धरला. दाराशी मी तिला गाठलं, तेव्हा म्हणाली, "मग माझ्या हातचं कसं जेवतोस रे रोज?" त्या दिवसापासून त्या दोघी तिच्या आईकडे आहेत. सभेने माझं ऐकून सिनेमा रद्द केला.

ते वाक्य मी मागे घेतो. पाळकांनी हे कलम मंडळीसमोर मोठ्याने वाचावं. टीव्ही नोहेमीचा. शुक्रवारी तिने तोच सिनेमा केइलाला जवळ घेऊन आमच्या घरी पाहावा, रस्त्याकडचं दार उघडं ठेवून.

कलम ५. हिलारियोशी माझं पटत नाही, तरी साक्षीला त्यालाच बोलावलं, कारण त्या दिवशी त्याचंच म्हणणं बरोबर होतं. वाचून तो म्हणाला, "अरे बाबा, गाठ काढतायत, मान नाही!" तसं झालं आणि मी जिवंत परतलो, तर हे मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम चार मात्र रद्द होणार नाही. ते मी स्वतः वाचीन. शुक्रवारी त्या उघड्या दाराबाहेर उभा राहीन. आत घ्यायचं की नाही, ते नोहेमीने ठरवावं.

सही: अब्नेर एलियू सोंताय
साक्षीदार: हिलारियो पोरोह, पाळक मिसाएल आहपोप
सालकाहा, ३० मार्च २०२३